उसाचा माईक

सातवीच्या वर्गात ऑलिंपिक पदकविजेता सतरंजीवर पालथा पडला आहे. दोन्ही कोपरं जमिनीला टेकलेली, गाल नकाशाच्या काठीला चिकटलेला, डावा डोळा मिटलेला. त्याच्या तोंडासमोर उसाचं वीतभर कांडं धरून एक मुलगी उकिडवी बसली आहे. कांड्याच्या टोकाला काळं फडकं गुंडाळून रबरानं आवळलंय. हा माईक.

“मिस्टर स्वप्निल कुसाळे, व्हाय आर यू स्लीपिंग?”

वर्ग खिदळतो. नेमबाज मान हलवत नाही. “आय ॲम नॉट स्लीपिंग. आय ॲम प्रोन.”

“प्रोन मीन्स?”

“पालथा!” मागून कुणीतरी ओरडतं आणि लगेच जीभ चावतं. इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत पुरवायचा नाही, करून दाखवायचा, असा इथला नियम आहे. मॅडम नुसतं सतरंजीकडं बोट दाखवतात. ओरडणारा मुकाट्यानं पुढं येऊन नेमबाजाच्या शेजारी आडवा होतो. मॅडम टाळी देतात. “नीलिंग!” दोघं गुडघ्यावर. “प्रोन!” दोघं पालथे. “स्टँडिंग!” दोघं उभे. तिसऱ्या टाळीला अख्खा वर्ग बाकांमधल्या वाटेत उतरलेला असतो. कुणाचं डोकं कुणाच्या टाचेला लागतंय, धूळ उडतेय, खिडकीबाहेरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चाललाय आणि त्या सगळ्यावर आवाज चढवून 23 पोरं ओरडताहेत, “प्रोन!”

राधानगरी तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. शनिवार, सकाळची वेळ, दप्तरं घरी. स्वप्निलचं कांबळवाडी याच तालुक्यातलं. 1 ऑगस्ट 2024 ला फ्रान्समधल्या शातोरूच्या नेमबाजी केंद्रात त्यानं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक घेतलं. आधी गुडघ्यावर बसून 15 गोळ्या, मग पालथं पडून 15, आणि शेवटी उभ्यानं. उभ्यानं नेम धरताना एकेक खेळाडू बाद होत जातो. या पोरांना हे सगळं पाठ आहे, आणि पाठ आहे ते मराठीतून, घरच्या टीव्हीवरून, चावडीवरून, मामाच्या तोंडून. इंग्रजीला इथं नवं काही सांगावं लागत नाही. ठाऊक असलेलं तिच्यातून पलीकडं न्यायचं, एवढंच काम तिच्याकडं आहे.

मुलाखत पुढं सरकते. “हाऊ मेनी पॉइंट्स?”

“फोर हंड्रेड फिफ्टी वन पॉइंट फोर.” हा आकडा सांगताना नेमबाजाचा आवाज स्वतःच मिळवल्यासारखा फुगतो.

“व्हॉट डिड यू ईट दॅट मॉर्निंग?”

तो थांबतो. “मे बी ब्रेड. आय थिंक ब्रेड.”

“नॉट भाकरी?”

“इन फ्रान्स? आय डोन्ट नो. आय विल फाइंड आउट.”

या उत्तरात खेळाचा दुसरा नियम आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. मुलाखत देणारी व्यक्ती खरी आहे, तेव्हा तिच्या तोंडी काहीही घालायचं नाही. माहीत असेल ते सरळ सांगायचं. अंदाज असेल तर ‘मे बी’ किंवा ‘आय थिंक’ जोडायचं. ठाऊक नसेल तर तसं म्हणायचं आणि शोधून आणायचं. इंग्रजीतले हे चिमुकले शब्द पाठ्यपुस्तकाच्या शब्दार्थांच्या चौकटीत क्वचितच येतात. मोठमोठी माणसं ते न वापरता ठासून बोलत असतात. इथं बारा वर्षांचा पोरगा एका पदकविजेत्याच्या न्याहारीविषयी बोलताना ते जपून वापरतोय.

मुलीला आता एक शब्द अडतो. ती कांडं खाली करून डावा हात वर करते. “उधार! श्वास रोखणं.”

“स्टॉप ब्रीद,” एक म्हणतो. “क्लोज नोज,” दुसरा. मॅडम फळ्याकडं वळतात. ‘होल्ड युवर ब्रेथ.’ डाव्या बाजूला खडूनं आखलेला एक रकाना आहे, त्यावर मराठीत लिहिलंय ‘उधारी’. तिथं मुलीचं नाव आणि पुढं हे तीन शब्द. उधार घेतलेला शब्द घंटेच्या आत तीन वेगवेगळ्या प्रश्नांत वापरून फेडायचा.

ती तिथंच पहिला हप्ता भरते. “डू यू होल्ड युवर ब्रेथ?”

नेमबाज ऐटीत सांगतो, “येस. देन ट्रिगर.” आणि आपण होऊन वर्गाला हुकूम सोडतो, “ऑल! होल्ड युवर ब्रेथ!” सगळे गाल फुगवतात. मीही श्वास धरतो. चाप ओढण्याच्या क्षणी नेमबाज खरंच श्वास थांबवतात, कारण छातीची हालचाल बंदुकीच्या टोकापर्यंत पोचते. समोरच्या बाकावरची मुलगी छातीवर हात ठेवून डोळे विस्फारते आणि हवा सोडत विचारते, “बट हार्ट? हार्ट इज नॉट स्टॉपिंग!” हा प्रश्न तिला कुणी सांगितलेला नाही. छाती धडधडतेय, म्हणून तो आलाय.

मॅडम माझ्या बाकाशी येऊन हळू आवाजात सांगतात, ही कल्पना मुलांनीच दिली. पदक मिळालं तेव्हा शाळेत मोबाईलवर बातम्या लावल्या होत्या. पोरांनी मधल्या सुट्टीत खेळाडूची नक्कल करायची सोडून वार्ताहराची सुरू केली. हातात पट्टी, डस्टर, मिळेल ते, आणि जो समोर येईल त्याला एकच प्रश्न, “हाऊ डू यू फील?” पुढं खेळ वर्गात आला तेव्हा मॅडमनी पहिली बंदी घातली ती याच प्रश्नावर. “त्याला उत्तर एकच येतं हो, व्हेरी हॅपी. मग बोलणं संपतं.” बंदीची पाटी फळ्याच्या वर अजून आहे, पुठ्ठ्यावर लाल रंगात.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे या मुलांचं हे इंग्रजीचं सातवं वर्ष. या सात वर्षांत त्यांना नाव विचारलं गेलंय, वडिलांचा व्यवसाय विचारला गेलाय, छत्रीचं स्पेलिंग विचारलं गेलंय. तपासणीला आलेल्या साहेबांपासून पाहुण्यांपर्यंत प्रत्येकानं विचारलंय. त्यांनी विचारावं म्हणून मात्र कुणी थांबलेलं नाही. आपल्या शाळांत भाषा शिकणारं मूल कायम उत्तराच्या बाजूला उभं असतं, आणि उत्तरापुरते शब्द घोकून घेता येतात. दुसऱ्याकडून काही काढून घ्यायचं असेल तर स्वतःचे शब्द लागतात. त्या उसाच्या कांड्यात ताकद आहे ती एवढीच, की ते हातात आलं की मूल विचारणाऱ्याच्या बाजूला येतं.

फळ्यावरच्या उधारीकडं पाहताना मला मायकेल वेस्ट आठवतो. शंभर वर्षांपूर्वी ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणारा हा इंग्रज. बंगाली मुलांना कोणते शब्द आधी द्यावेत याचा त्यानं ध्यास घेतला, बेताच्या शब्दांत वाचनपुस्तकं लिहिली आणि 1953 मध्ये सुमारे 2000 अतिउपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांनी पुढं तिचा आधार घेतला. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी नंतर बजावून सांगितलं की शब्द ऐकून ओळखणं वेगळं आणि वेळेला तो तोंडून काढणं वेगळं. उधारीच्या रकान्यात आजच्या तारखेला ‘होल्ड’, ‘ग्रिप’, ‘परमिशन’, ‘निअरली’ असे शब्द दिसताहेत. वेस्ट यांच्या यादीत यातले किती असतील, हे या वर्गाच्या गावी नाही. त्यांना आत्ता जे हवं होतं ते त्यांनी घेतलंय, आणि तीनदा तोंडून काढल्याशिवाय ते सुटणार नाही.

डबा हलतो. स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या आहेत. पुढची चिठ्ठी निघते आणि सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडं वळतात, कारण खाशाबा जाधव व्हायला वर्गात एकच मुलगा आहे. रोज पहाटे तालमीत जाणारा, मानेनं आणि खांद्यानं आताच पहिलवान झालेला, आणि इंग्रजीच्या तासाला कधी तोंड न उघडणारा. तो पुढं येताना बाक सरकवत येतो, खुर्चीत बसतो, मांडीवर थाप मारतो.

“व्हॉट इज युवर व्हिलेज?”

“गोळेश्वर. निअर कराड.”

“व्हिच मेडल?”

“ब्राँझ. हेलसिंकी. नाइन्टीन फिफ्टी टू.” तो बोटं मोडत एकेक शब्द खाली ठेवतो. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला असं पदक मिळायला 72 वर्षं जावी लागली, ते मघाच्या सतरंजीवरच्या स्वप्निलचं. तो आता पहिल्या बाकावर बसून पहिलवानाच्या तोंडाकडं बघतोय.

“बिफोर दॅट?”

“लंडन. फॉर्टी एट. नंबर सिक्स.” मग त्याला काहीतरी सांगायचंय. ओठ हलतात, शब्द येत नाही. माईकवाली घाई करत नाही. तोच हात वर करतो. “उधार. माती. पण आपली लाल माती न्हवं का, तालमीतली, ती.”

वर्गात वाद पेटतो. सॉइल. मड. क्ले. “मड म्हंजे चिखूल की रं!” “तालमीत काय चिखूल असतोय?” मॅडम कुणाचीच बाजू न घेता पहिलवानाला विचारतात, “तुझी माती कशी असते?” तो हातानं सांगतो, चाळलेली, मऊ, तेल-ताक घातलेली, बोटांतून सुटणारी. शेवटी त्यालाच निवड करू देतात. तो ‘सॉइल’ घेतो आणि अडलेलं वाक्य बाहेर येतं. “इन इंडिया, सॉइल. इन लंडन, मॅट. मॅट इज न्यू फॉर मी. फीट आर... स्लिपिंग.” 1948 ला लंडनमध्ये खाशाबांना मॅटवरच्या कुस्तीशी जुळवून घ्यावं लागलं होतं, हे मी पुस्तकांत वाचलेलं आहे. त्याचा पायाखाली अनुभव कसा असेल, हे या पोराला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळतंय.

“हू गेव्ह यू मनी फॉर हेलसिंकी?”

“माय व्हिलेज गेव्ह. शॉपकीपर्स गेव्ह. माय प्रिन्सिपॉल...” पुन्हा हात वर. “घर गहाण ठेवलं, ह्याला काय म्हणायचं मॅडम?”

यावेळी कुणीच काही सुचवत नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी या विद्यार्थ्यासाठी आपलं घर 7000 रुपयांना गहाण ठेवलं, ही गोष्ट इथल्या प्रत्येक तालमीत सांगितली जाते. मॅडम फळ्यावर ‘मॉर्गेज’ लिहितात, मधला टी मुका असतो म्हणून त्याच्यावर बोट ठेवून दाखवतात. खिडकीजवळची मुलगी हळूच शेजारणीला म्हणते, “आमचं रान ठेवलंतं सोसायटीला, आजोबांनी.” हे मला ऐकू येतं, मॅडमनाही येतं. त्या तिला काही विचारत नाहीत. ती मात्र थोड्या वेळानं उठून माईक मागून घेते. कोल्हापूरकडच्या मुली बोलतात तसं, “मी इचारतो,” म्हणते.

“डिड यू... मॉर्गेज... डिड यू गिव्ह बॅक द मनी?”

पहिलवान मॅडमकडं बघतो, छताकडं बघतो. “आय डोन्ट नो,” तो कबूल करतो. “आय विल फाइंड आउट.” पण मुलगी खाली बसत नाही. तिला ते आत्ता हवंय. म्हणून एकदाच नियम मोडून मॅडम मध्ये पडतात आणि साध्या इंग्रजीत सांगतात, तुकडे पाडून: तो परत आला, त्यानं कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढला, मिळालेले पैसे प्राचार्यांना दिले, घर सोडवलं. प्रत्येक तुकड्याला मुलीची मान हलते. शेवटचं वाक्य ती पुन्हा म्हणून बघते, “ही पेड. हाऊस इज फ्री.” व्याकरण जागेवर नाही. मला त्या वाक्यात काही कमी दिसत नाही.

मग खाशाबा कऱ्हाडला उतरतात आणि वर्ग पुन्हा मोकळा होतो. “हाऊ मेनी बुलक कार्ट्स केम टू टेक यू?” कारण मिरवणुकीला बैलगाड्या आल्या होत्या हे सर्वांना ठाऊक आहे.

“वन हंड्रेड अँड फिफ्टी वन!”

“हाऊ मेनी बुलक्स?” मागून एक चपळ आवाज.

क्षणभर नुसते ओठ हलतात आणि तीनचार जण एकदमच बोलतात, “थ्री हंड्रेड अँड टू!” त्यावर आणखी एक, “हाऊ मेनी हॉर्न्स?” गणिताच्या तासाला ज्याला पाढा येत नाही असं मला सांगितलं होतं, तो मुलगा बोटं न मोजता ‘सिक्स हंड्रेड अँड फोर’ म्हणतो आणि ‘ग्रास’, ‘बेल’, ‘व्हील’ असे शब्द चहूकडून पडायला लागतात. चाकं किती, घुंगरं किती, चारा किती. मॅडमना लिहायला फळा पुरत नाही.

स्मृती मानधना येते आणि लवकर जाते. सांगली जवळ, माणूस लाडकं, तरी गाडी रुळावर येत नाही. खुर्चीतली मुलगी लाजते, विचारणारे धावसंख्येच्या पुढं जात नाहीत. ओळखीचं नाव असलं म्हणजे मुलाखत रंगतेच असं नाही. समोरच्याच्या आयुष्यातला एखादा अडचणीचा कोपरा माहीत असावा लागतो, तिथं प्रश्न उगवतात.

राहीबाई पोपेरे यांच्या चिठ्ठीला खेळाचा आकार बदलतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बीजमाता कधी शाळेत गेलेल्या नाहीत. गावरान बियाणं जपलं, घरातच बियाण्यांची बँक उभी केली. बीबीसीनं 2018 मध्ये जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि त्या मराठीतच बोलतात. तेव्हा राहीबाई झालेल्या मुलीनंही मराठीतच बोलायचं. मध्ये दुभाषी. दुभाषी म्हणून एक किडकिडीत मुलगी उठते. सकाळपासून तिनं एकही प्रश्न विचारलेला नाही.

“व्हाय डू यू कीप ओल्ड सीड्स?”

राहीबाई डोक्यावरची ओढणी सावरतात. “इकतचं बी एकदा पेरलं की पुढल्या साली परत इकत घ्या. आमचं बी आमच्याच घरात ऱ्हातंय.”

दुभाषी जमिनीकडं बघत जुळवते. “शॉप सीड... यू बाय एव्हरी इयर. हर सीड... लिव्ह्ज इन हर हाऊस.” मॅडम तिला ‘स्टे’ सुचवायला तोंड उघडतात आणि मिटतात. ‘लिव्ह्ज’च राहतं. पुढं प्रश्न आणि उत्तरं येत जातात, आणि ही मुलगी दोन्हीकडून येणारं बोलणं झेलत राहते. ओलावा, कीड, राख, वाण. चार शब्द ती उधार घेते. तिच्या नावापुढं आता सगळ्यांत मोठी उधारी आहे. तरी ती खाली बसायला तयार नाही.

दाराशी शाळेच्या स्वयंपाकाच्या मावशी येऊन उभ्या राहतात, आहार तयार आहे सांगायला. पहिल्या बाकावरून स्वप्निल ओरडतो, “मॅडम, मावशींची घेऊया की!” डब्यात त्यांच्या नावाची चिठ्ठी नाही. मॅडम खुर्ची पुढं सरकवतात. मावशी पदरानं तोंड पुसत, हसत, नको नको म्हणत बसतात. दुभाषी न सांगता त्यांच्या बाजूला जाते.

“हाऊ मच राइस डू यू कुक?”

“पाचवीपतुर पोरामागं 100 ग्रॅम. तुमास्नी 150.”

“फॉर स्मॉल चिल्ड्रन, हंड्रेड ग्राम्स ईच. फॉर अस, हंड्रेड अँड फिफ्टी.”

“डू यू होल्ड युवर ब्रेथ इन स्मोक?” हा मघाच्या मुलीचा तिसरा हप्ता. दुभाषी विचारते, मावशी सांगतात, आता गॅस आहे, पण चुलीवर होतं तेव्हा डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. फळ्यावरून एक नाव पुसलं जातं.

“डू यू ईट फर्स्ट ऑर लास्ट?” पहिलवान विचारतो.

मावशी विचारात पडतात. “चव आधी बघाय लागती. जेवायचं समद्यांच्या मागनं.”

दुभाषी या वेळी खाली बघत नाही. “शी टेस्ट्स फर्स्ट. शी ईट्स लास्ट.” मॅडम माझ्याकडं बघतात. चव आणि जेवण यांसाठी दोन वेगळे शब्द तिनं कुणाला न विचारता उचललेत.

“आता म्या इचारू?” मावशी म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता कांडं हातात घेतात. दर शनिवारी भिंतीपलीकडून हे सगळं त्यांच्या कानावर पडत असतं. त्या कांडं पहिलवानाकडं वळवतात. “व्हाय... यू... नो ईट...” मग डावा हात वर. “उधार! दोडक्याला काय म्हणायचं गं?”

दुभाषीला येत नाही, वर्गाला येत नाही. मॅडम फळ्यावर ‘रिज गोर्ड’ लिहितात, उधारीच्या रकान्यात ‘मावशी’ लिहितात आणि पुढं तीन रेघा मारतात.

“व्हाय यू नो ईट रिज गोर्ड?”

पहिलवान उठून उभा राहतो. “आय डोन्ट नो, मावशी. आय विल फाइंड आउट.”

“टुडे!” मावशी म्हणतात.